माळावरचा निवडुंग

काल कुंडीतला निवडुंग मोडला, हाताला पांढरा चीक लागला आणि त्या उग्र वासानं भोसरीजवळचा आमचा मुरमाड माळ आठवला. तिथं पाण्यावाचून पुरुषभर उंच निवडुंग वाढायचे. त्यातल्या एकाच्या बुडाशी माझी पाच दिवसांची बहीण पुरलेली होती. कंपनीसाठी माळ सपाट करायला बुलडोझर आला, तेव्हा आई आडवी गेली. "दादा, तेवढा एक राहू द्या. खाली माझी लेक हाय." ड्रायव्हरनं मशीन थांबवलं. "मावशी, मी न्हाई पाडला तर उद्या दुसरा पाडंल." आई बाजूला झाली. घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या, आम्ही जेवलो. पुढं मी त्याच कंपनीत लागलो, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तुझं मशीन कुठल्या अंगाला हाय?" मी सांगितलं. "व्हय," म्हणून तिनं ताट वाढलं. आता आई नाही, आणि मला अजून रडू येत नाही.