न निवळलेलं पाणी

मधू गेल्याचं मला अंबरनाथला, कारखान्याच्या फाटकात कळलं. पाळी सुटत होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तुमचा तो मातीवाला मित्र... सकाळीच गेला हो." मातीवाला! एम.एस्सी. झालेल्या माणसाची ही ओळख! मला इतका संताप आला की रडायचंही सुचलं नाही. आता महिना उलटला, तरी तो संताप काही जात नाही.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत रसायनं तपासायचो. नोकरीची वेळ संपली की मधूचं खरं काम सुरू व्हायचं. बदलापूरहून नदीकाठची चिकणमाती आणायची, धुऊन पाण्यात कालवायची आणि बघत बसायचं. जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडून त्याने गोळ्यांच्या काचेच्या बरण्या घेतल्या, तेव्हा मी बरोबर होतो. "साईं, इसमें क्या बेचोगे?" दुकानदाराने विचारलं. "मिट्टी," मधू म्हणाला.

एकदा मी वैतागून विचारलं, "अरे, गढूळ पाण्यात बघायचं तरी काय?" तर गडी खुलला. मातीच्या कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे धनभारित आयन त्याच्याभोवती गोळा होतात. काही अगदी अंगाला चिकटून, बाकीचे लांब, विरळ होत गेलेले. पाण्याचे रेणूसुद्धा तिथे ठरावीक बाजू करून उभे राहतात. "या वेढ्यामुळेच कण एकमेकांजवळ येत नाहीत, तरंगत राहतात. कुठल्या क्षाराने वेढा किती आवळतो, ते मला मोजायचंय." प्रत्येक बरणीत वेगळा क्षार, वेगळं प्रमाण. काही बरण्यांना तर वर्षभर हातही लावायचा नव्हता. पीएच.डी.चा प्रबंध द्यायची मुदत जवळ येत होती, आणि त्याला क्षयाने गाठलं होतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याला रुग्णालयात ठेवलं. घरी आई एकटी. लेक त्या बरण्यांपुढे बसून सुस्कारे टाकतो, हे तिने रोज पाहिलेलं. तिला वाटलं, पाणी निवळत नाही म्हणूनच पोर झुरतंय. माउलीने तुरटीचा खडा घेतला आणि घरच्या माठात फिरवतात तसा एकेका बरणीत फिरवला. मधू परतला तेव्हा दारातच म्हणाली, "बघ रे, सगळं कसं नितळ झालं!" मी त्याला धरून उभा होतो. तळाशी बसलेली माती त्याने पाहिली. "छान केलंस गं आई," एवढंच म्हणाला. पुन्हा सुरुवात करायला वर्ष हवं होतं... ते आणायचं कुठून? त्या दिवशी त्याने अंथरूण धरलं ते शेवटपर्यंत.

तेराव्याला त्याचे प्रबंधाचे मार्गदर्शक प्राध्यापक आले. बरण्यांत तुरटी गेली एवढंच मधूने त्यांना कळवलेलं, कुणी टाकली ते नाही. ते सगळ्यांदेखत हळहळले, "तुरटी पडली नसती तर काम पुरं झालं असतं हो." आई वाढत होती. वाढता वाढता थांबली, आणि आत निघून गेली.

परवा तिच्याकडे गेलो. तिने पाणी दिलं, ते मातकट, लालसर.

"आई, तुरटी नाही फिरवली?"

"नको रे," ती म्हणाली. "माझ्या हातून आता काही निवळायला नको."

आणि तांब्यातलं तेच पाणी ती प्यायली.