क्लबातलं कापसाचं गाणं

बाबांना त्या कार्यक्रमाला मीच नेलं. त्यांना यायचं नव्हतं. केळापूरकडून मेटॅडोर भरून ते यवतमाळच्या जिनिंग कारखान्यात कापूस टाकायला आले होते आणि गाडी रिकामी होईपर्यंत मोकळे होते. मी तिथे कॉलेजात होतो, सुट्टीसाठी त्यांच्याच गाडीतून घरी जायचं होतं. नागपूरचा बँड आलाय, फुकट आहे, पंखे आहेत, असं सांगून मी गळ घातली. गाणी राजकीय असतात हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मेटॅडोरमध्येच आडवे झाले असते.

क्लब म्हणजे वकील-डॉक्टरांचा पत्ते खेळायचा हॉल. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून त्या जागी ड्रम, दोन गिटार आणि काळ्या टी-शर्टमधले चार जण मावले होते. समोर आम्ही कॉलेजची पोरं, बहुतेक खेड्यांतून शिकायला आलेली. बाबा शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी त्यांच्या शेजारी.

पहिली दोन गाणी मंत्र्यांवर होती. बाबांना ती चक्क आवडली. मंत्र्यांना शिव्या घालणारा कुणीही त्यांना आवडायचा. एवढा आवाज कायले करून राह्यले, एवढीच काय ती तक्रार.

तिसरं गाणं कापसाचं. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्याकडे कापसाचा विषय निघाला की लोक आवाज खाली घ्यायचे, आणि हा गायक बेंबीच्या देठापासून ओरडत होता. गाण्यात एक व्यापारी घरी येतो, गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस काढून बोटांत दाबतो, तोंड वाकडं करतो, ओल आहे म्हणतो आणि तेवढं वजन कमी धरतो. ध्रुवपद साधं होतं. व्यापारी काय म्हणतो, असं गायक विचारायचा आणि सगळा हॉल ओरडायचा, “ओल हाये!”

बाबा खेडा खरेदी करायचे. काटा घेऊन गावोगाव फिरायचं, लोकांच्या घरातून कापूस घ्यायचा, जिनिंगला विकायचा. त्यांचा काटा खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण दर वेळी ओल खरी होती, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. माझं शिक्षण त्या कापसावरच चाललं होतं.

हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा ड्रमचे ठोके छातीत बसत होते आणि मी खुर्चीवरून उठून, मूठ वर करून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होतो. दोन रांगा पुढे एक मुलगा होता, बाबा ज्या गावांत खरेदीला जायचे त्यांतल्याच एका गावचा. तो मागे वळला. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे, जरासा हसला आणि पुन्हा पुढे तोंड केलं. तेव्हा कुठे मी बाजूला पाहिलं. बाबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बसलो. उरलेली गाणी कशावर होती ते आजही आठवत नाही.

परतताना बाबाच गाडी चालवत होते. शहर मागे पडलं. माफी कशी मागावी, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात तेच बोलले.

“तू वरडला थे बरं केलं. त्या पोट्ट्यानं मले वयखलं होतं. तू गप्प बसला असता त साऱ्यायनं माह्याकडंच पाह्यलं असतं.”

मी नुसतं हो म्हटलं.

घरी जेवताना त्यांनी आईलाही सगळं सांगितलं. पोरगं हुशार झालं, आता बापाला सांभाळून घेतं, असं म्हणाले. आईनं कौतुकानं माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मी मान खाली घालून ती खाल्ली. ओरडत होतो तेव्हा बाबा शेजारी बसले आहेत, हेच मी विसरलो होतो.