स्टोअरकाकांची पत्र्याची पेटी

स्टोअरकाकांनी आयुष्यात कधी बेसबॉलची बॅट हातात धरली नव्हती आणि या खेळाचा एक अख्खा सामनाही पाहिला नव्हता. तरी शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन फलंदाजाबद्दल ते असे बोलायचे की नवख्याला वाटावं, हा त्यांचा वसईतला शेजारी असणार. तो बॅट कशी धरायचा, लोकरी गणवेशात घामाने कसा निथळायचा, शेवटच्या दोन वर्षांत त्याची नजर मंदावली तेव्हा ते त्याने सगळ्यांपासून कसं लपवलं, सारं काकांना ठाऊक होतं. नाव मात्र ते क्वचितच घ्यायचे. 'आमचा म्हातारा' म्हणायचे.

मी अमरावतीकडचा, एसीचा टेक्निशियन. बहारीनला आलो तेव्हा हूरा भागातल्या फ्लॅटमध्ये मला जी कॉट मिळाली, तिच्या शेजारची कॉट त्यांची होती. एका अमेरिकन कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते, म्हणून सगळ्यांचे स्टोअरकाका. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवलेली असायची. मीठ, साखर, जिरं, आणि खाली बरणी भरल्याची तारीख. मी कामावरून येऊन बूट कसेही फेकले की ते उठून सरळ लावायचे. रागवायचे नाहीत. "वस्तू जागेवर असली की डोकं जागेवर राहतं, सिद्धू," एवढंच म्हणायचे. बायकोशी फोनवर त्यांचं कादोडीत, म्हणजे वसईकडच्या त्यांच्या बोलीत, बोलणं चालायचं. त्यातलं मला अर्धंमुर्धं कळायचं, पण आवाज इतका मऊ व्हायचा की ऐकत राहावंसं वाटे.

शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून आले की ते साबणाने हात धुवायचे, पंच्याने कोरडे करायचे, मग पंख्याखाली धरून पुन्हा वाळवायचे. त्यानंतरच कॉटखालची पत्र्याची पेटी बाहेर निघायची. आत खेळाडूंची चित्रं होती. जुन्या काळी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात अशी चित्रं यायची. पुढे खेळाडू, मागे तंबाखूची जाहिरात. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. एकेक चित्र प्लास्टिकच्या पाकिटात. काका ती फक्त कडेने धरायचे. सगळ्यांत शेवटी म्हाताऱ्याचं चित्र काढायचे. पिवळं आभाळ, खांद्यावर बॅट आणि कॅमेऱ्याकडे न बघणारा एक दणकट माणूस.

"याचा बाप लोखंडाच्या कारखान्यात होता," ते सांगायचे. "हा दहा वेळा बॅट घेऊन उभा राहायचा आणि सहा वेळा मान खाली घालून परत यायचा. चारदा चेंडू लागायचा. तेवढ्यावर लोक अजून नाव घेतात."

मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास होऊन आलो, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी भात गरम केला आणि म्हणाले, "दहातले तीन झाले. अजून सात आहेत." सहाव्यांदा पास झालो. त्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्याचं चित्र पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. माझ्या हाताला घाम आला होता, म्हणून लगेच परतही घेतलं.

पेटी त्यांची नव्हती. त्यांच्या पहिल्या साहेबाची होती. हा साहेब अमेरिकन, कामात कडक, पण जेवणाच्या सुट्टीत या नवीन वसईकराला शेजारी बसवून बेसबॉलच्या गोष्टी सांगायचा. बायको आजारी असल्याचा निरोप आला आणि तो दोन दिवसांत निघाला. जाताना पेटी काकांच्या हातात दिली. "दोन महिन्यांत येतो, तोवर सांभाळ," म्हणाला. त्याला तीस वर्षं झाली. काकांनी दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. त्यानंतर त्यांनी पाच खोल्या बदलल्या. प्रत्येक वेळी सामान टेम्पोत गेलं आणि पेटी त्यांच्या मांडीवर.

पुढचं जे झालं, त्याला मी कारण झालो. अमवाज आयलंड्सवर एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी एसी दुरुस्त करायला गेलो होतो. भिंतीवर तसलीच चित्रं फ्रेममध्ये लावलेली. मी सहज काकांबद्दल बोललो आणि त्याने आम्हाला दोघांना चहाला बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या माणसाने म्हाताऱ्याचं चित्र भिंगाखाली धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, हे अस्सल आहे आणि फार दुर्मीळ आहे, पण कुणीतरी याची एक बाजू कापली आहे. संग्रह करणाऱ्यांच्या दृष्टीने ते आता जखमी आहे. मग विकणार का, असं त्याने विचारलं.

"माझं नाही," काका म्हणाले.

परतताना गाडीत ते समुद्राकडे पाहत होते. मग म्हणाले, "मीच कापलं ते. साहेब गेल्यावर वर्षभराने. एक कड फाटल्यासारखी दिसायची. स्टोअरमधल्या कटरवर ठेवली आणि सरळ केली. नीटनेटकं करायला गेलो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आजवर कुणाला सांगितलं नाही."

त्याच वर्षी गोदामाचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे गेला. साठी उलटलेल्यांना नोटीस मिळाली. व्हिसा रद्द व्हायच्या आत पेटी परत करायची, असं काकांनी ठरवलं. अमवाजच्या गृहस्थाने चार दिवसांत इंटरनेटवर साहेबाचा पत्ता लावला. साहेब सहा वर्षांपूर्वी वारला होता. मुलगी होती, तिचा ईमेल मिळाला.

काकांनी सांगायचं आणि मी इंग्रजीत टाइप करायचं, असं ठरलं. पहिलंच वाक्य त्यांनी सांगितलं, "तुमच्या वडिलांचं एक चित्र माझ्या हातून खराब झालं आहे."

"काका, आधी पेटी सापडली हे लिहू या. ते शेवटी लिहू."

"नाही. पहिलं तेच लिही."

दोन दिवसांनी त्या बाईंनी व्हिडिओ कॉल केला. पन्नाशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या. काकांनी पेटी उघडून दाखवली आणि त्या रडू लागल्या. आम्हाला वाटलं, आनंदाने. मग त्यांनी सांगितलं ते मी काकांना मराठीत सांगत गेलो. साहेबाची बायको वारली आणि नंतर त्याची स्मरणशक्ती हळूहळू कमी होत गेली. पेटी कुणाला दिली, हे तो विसरला. घरातच होती, असं त्याच्या मनाने घेतलं. मग त्याने आपल्या मुलावर आळ घेतला, की तूच ती विकलीस. मुलगा घर सोडून गेला. बाप मरेपर्यंत त्यांचं बोलणं झालं नाही. अंत्यविधीलाही तो आला नाही. बहिणीशीही बोलत नाही, कारण तिनेही बापाचंच खरं मानलं होतं.

काकांनी पेटीचं झाकण लावलं. कॉल संपला. मी म्हटलं, "यात तुमचा काय दोष? तुम्ही तर सांभाळलीत."

"दोन पत्रं पाठवली मी," ते म्हणाले. "तीस वर्षांत दोन. कंपनीच्या ऑफिसात विचारलं असतं तर पत्ता मिळाला असता. मी विचारलं नाही. मला ती पेटी हवीशी झाली होती, सिद्धू. शुक्रवारी उघडायला."



पेटी त्यांनी मुलाच्या नावाने पाठवायला लावली, बहिणीकडून पत्ता घेऊन. सोबत स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, मी दुरुस्त करायला गेलो तर करू दिलं नाही. 'तू चोर नाही. पेटी माझ्याकडे होती. माझी चूक. मला क्षमा कर.' खाली माझा फोन नंबर आणि ईमेल, कारण त्यांचा बहारीनचा नंबर बंद होणार होता.

आठवड्याने ते गेले. विमानतळावर त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या आणि हात कसे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. बायकोसाठी घेतलेली बदामाची पिशवी सारखी या हातातून त्या हातात घेत होते.

मी दर शुक्रवारी वसईला फोन करायचो. इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं, वाडीतली केळी, गुडघे, भाव. आणि शेवटी, जणू आत्ताच आठवल्यासारखं, "त्या मुलाचा काही फोन?"

"नाही काका."

"बरं."

असं सात महिने चाललं. पार्सल पोचल्याची सही आली होती. त्यापलीकडे एक अक्षर नाही. मधल्या काळात काकांच्या फुप्फुसात पाणी झालं, दोनदा हॉस्पिटलमध्ये राहून आले. आवाज खोल गेला. मावशी, म्हणजे काकांच्या पत्नी, फोन त्यांच्या कानाशी धरायच्या.

एका शुक्रवारी त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, "हो, आला होता. परवा."

 "काय म्हणाला?"

"म्हणाला, ठीक आहे. राग नाही म्हणाला. बहिणीशी पण बोलला म्हणे."

"बरं झालं," काका म्हणाले. "तू जेवलास का?"

"जेवतो आता."

"जेव."

पाचव्या दिवशी ते गेले. मला रजा मिळाली ती थेट तीन महिन्यांनी. वसईला गेलो. मावशींनी पान वाढलं, समोर बसल्या. शेवटच्या दिवसांबद्दल विचारायचं धाडस मला होत नव्हतं. त्यांनीच विषय काढला.

"त्या दिवशी तुझा फोन ठेवला नि मला म्हणाले, सिद्धूला खोटं बोलता येत नाही, तरी बोलला माझ्यासाठी." त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. "आणि हसले. घरी आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्या मुलाचा फोन अजून आलेला नाही. तो नंबर मी बदललेला नाही.