दोन पानांचा मळा

चोळपुरमचे ते पानमळेवाले अण्णा. माझ्या लोडऑटोत मागे विड्याच्या पानांचे भारे आणि माझ्या बाजूला चेंगरून ते. सिग्नल लागला की वळून पानांवर पाणी शिंपडायचे. निम्मं माझ्या पाठीवर.

"तूही ताजा राहशील," म्हणायचे.

मार्केट येईतो मी भिजलेला उंदीर. पण काय वास यायचा ऑटोला! तेव्हां कुंभकोणमच्या लग्नांना पानं भाऱ्याभाऱ्यांनी जायची. आतां जेवण झालं की आइस्क्रीम, पान नुसतं शकुनाला. खुडायला माणसं मिळत नाहींत, मिळाली तर सगळं मजुरीत जातं. शेवटी अण्णांचं मळा काढून नारळ लावायचं ठरलं.

त्या दिवशी अण्णा ओल्या फडक्यात वेलाचा तुकडा घेऊन माझ्या दारात.

"हें लाव."

"अण्णा, माझ्या हातची तुळससुद्धा मरते!"

"असूं दे. दुसरे विचारतात, ह्यात सुटतं काय? तुला हिशेब कुठं येतो?"

खरंच. मी शाळेची नुसती भिंत पाह्यलेली, तीही बाहेरून.

न्हाणीमागं लावला. बायकोनं मला हात लावूं दिला नाहीं, म्हणून जगला. अण्णा रोज कॉफीचं निमित्त करून येतात.

आज दोन पानं फुटली. अण्णांनी न्हाणीपाशीच चपला काढल्या. पानमळ्यात कुणी चपला घालून जात नाहीं. मी मात्र साबणाच्या चिखलात चपलांसकट उभा होतों. मी काढेपर्यंत अण्णा नुसते थांबले.