मथळे कापणाऱ्या मॅडम

पहिल्याच तासाला वाकचौरे मॅडम वर्गात आल्या त्या काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. हजेरी नाही, ओळखपाळख नाही. टेबलावर पेपर पसरले, पर्समधून शिवणकामाची मोठी कात्री काढली आणि एकेका बातमीचा मथळा कापून खाली टाकायला सुरुवात केली. आम्ही अकराजण बघत राहिलो. उरलेली बिनडोक्याची कात्रणं त्यांनी आमच्या हातात एकेक करून दिली आणि म्हणाल्या, "वाचा. आन् काय झालंय ते मला सांगा."

माझ्या वाट्याला आलेल्या कात्रणात एका रस्त्याची दुरवस्था झाली होती. परिसरातील नागरिकांमधून तीव्र संताप व्यक्त होत होता आणि संबंधितांनी याकडे लक्ष द्यावे, अशी मागणी परिसरातून होत होती. मी घसा साफ करून म्हणालो, "मॅडम, मुळात हा पायाभूत सुविधांच्या धोरणाचा प्रश्न आहे."

"रस्ता कोनता?"

मी पुन्हा वाचलं. रस्त्याचं नाव मथळ्यात असावं, नाहीतर कुठंच नसावं.

"संतापलंय कोन?"

"परिसर."

"परिसराला घर नंबर हाय का? पाह्यलं कुनी हे?"

वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं. नगरच्या त्या महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येला मी प्रवेश घेतला तो मोठ्या तयारीनं घेतला होता. बिननंबरचा चष्मा आणि बिनबाह्यांचं जाकीट ही त्यातली मुख्य तयारी. त्याआधी दोन वर्षं स्पर्धा परीक्षेत नापास होताना चालू घडामोडींच्या पुस्तिका तोंडपाठ केल्या होत्या, त्यामुळे कुठल्या देशात कुणाचं सरकार पडलं ते मी झोपेतही सांगू शकत होतो. 'प्रादेशिक चालू घडामोडी' हा आठवड्यातून तीनदा, दुपारच्या जेवणानंतर ठेवलेला विषय मला माझ्या योग्यतेच्या मानानं किरकोळ वाटत होता. तो शिकवायला सोनईहून एसटीनं येणारी, 'हाय' आणि 'न्हाई' बोलणारी बाई तर फारच किरकोळ.

मॅडम पूर्णवेळ प्राध्यापक नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या. त्याआधी बरीच वर्षं सोनईहून एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवायच्या. उंची बेताची, पायात साध्या चपला, खांद्यावर वायरची पिशवी. वर्गात प्रमाण मराठीत सुरुवात करायच्या आणि दहाव्या मिनिटाला गावाकडच्या बोलीत उतरायच्या. उतरल्या की समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही.

बहुतेकदा माझं. एकदा मी 'प्रवरा खोऱ्यातील पाणीप्रश्न आणि माध्यमांचे आकलन' यावर पंचवीस मिनिटं बोललो. पडद्यावर आलेख दाखवले. तीन दैनिकांतली उद्धृतं दिली. मॅडमनी ती तिन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवली आणि दाखवून दिलं की तिन्ही बातम्या एकाच प्रसिद्धीपत्रकावरून शब्दशः उतरवलेल्या आहेत, एक चुकलेली वेलांटीसुद्धा तिन्हीकडं सारखीच. मग विचारलं, "तू देवळाली प्रवराचा ना? तुमच्याकडं नळाला पानी किती दिसांनी येतं?"

मी आठवून पाहिलं. "आईला विचारावं लागेल, मॅडम."

"मंग उद्या आईलाच पाठव वर्गात. तू घरी थांबून पानी भर."

दुसऱ्या सत्रात विभागानं विद्यार्थ्यांचं एक बातमीपत्र सुरू केलं. रोज दुपारी मोबाईलवर जिल्ह्यातल्या दहा बातम्या पाठवायच्या. संपादक कोण, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत मी उत्तर देऊन टाकलं होतं. मॅडमनी एकच अट घातली होती, की नाव टाकायचं तर त्या माणसाशी बोलल्याशिवाय टाकायचं नाही. ही अट जुन्या काळातली आहे, असं माझं मत होतं आणि ते मी कॅन्टीनमध्ये अनेकांना ऐकवलंही होतं.

एके दिवशी सगळ्या पेपरांत बातमी होती. सोनईजवळच्या एका गावात भेसळ पथकानं दूध संकलन केंद्रावर छापा घालून बरंच दूध ओतून दिलं होतं. केंद्राचं नाव कुणीच दिलं नव्हतं. मला वाटलं, हीच संधी. मी मोबाईलवर नकाशा उघडला, त्या गावाचं नाव टाकलं आणि 'दूध संकलन केंद्र' असं शोधलं. एकच केंद्र दिसलं. नावासकट, फोटोसकट. पाटीखाली एक बाई कॅनजवळ उभी होती. मी नाव उचललं, फोटो उचलला आणि वर मथळा दिला, 'हेच ते भेसळीचे केंद्र!' उद्गारचिन्ह माझं स्वतःचं.

संध्याकाळपर्यंत ती बातमी कुठल्या कुठं गेली. माझ्या मामानं मला ती श्रीरामपूरहून पाठवली. मी त्याला उत्तर पाठवलं, "ही माझीच आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या त्या मोकळ्या हातांनी. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"केंद्राचं नाव कुनी टाकलं?"

मी उभा राहिलो. कौतुक होईल असं मला त्या क्षणीही वाटत होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

"पाह्यलं कुनी?"

"मॅडम, मी नकाशावर पाहिलं."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छापा पडला ते केंद्र गावाच्या दुसऱ्या अंगाला हाय. त्याला पाटी न्हाई. तू फोटो टाकला ती मंदा. काल सांच्याला तिच्याकडं दुधाचा एकबी कॅन आला न्हाई. चल."

"कुठं?"

"कुटं म्हंजे? तिच्याकडं."

घोडेगावपर्यंत एसटीनं गेलो. तिथून सोनईची गाडी आणि पुढं टमटम. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, फॅट मोजायचं यंत्र आणि ओळीनं उपडे घातलेले रिकामे कॅन. मंदाताई चाळिशीच्या असतील. मला त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं.

मी एसटीत तोंडपाठ केलेलं बोललो. "अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल आम्ही आपली मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो."

मंदाताईंनी मॅडमकडं बघितलं. "काय म्हनतोय ह्यो, ताई?"

"न बघता लिवलं, म्हनतोय."

मंदाताई आत गेल्या. मला वाटलं, आता काठी घेऊन बाहेर येणार. त्या चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला. "प्या. आमच्याच दुधाचा हाय."

त्या समोर उभ्या राहिल्या आणि मी पिईपर्यंत हलल्या नाहीत. चहा चांगला होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला. कप खाली ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "चवदा वर्सं झाली मला ह्ये केंद्र चालवून. एकदा इचारायचं तरी. पाटीवर नंबर हुता की माजा."

नंबर होता. फोटोत स्पष्ट दिसत होता. तो मी फोटो नीट बसावा म्हणून कापून टाकला होता.

त्या संध्याकाळी बातमीपत्रात आम्ही दुरुस्ती पाठवली. चुकीची बातमी जिल्हाभर फिरली, दुरुस्ती आमच्या वर्गाबाहेर गेली नाही. मामानंही ती पुढं पाठवली नाही. मग मॅडमनी मला त्यांच्या ओळखीच्या एका घरी मुक्कामाला ठेवलं आणि सलग तीन दिवस, सकाळच्या धारेच्या वेळी, मंदाताईंकडं दूध घालणाऱ्यांच्या वस्त्यांवर फिरवलं. मॅडम फाटकापाशी थांबायच्या. आत एकट्यानं जायचं आणि सांगायचं, "मी लिहिलं ते खोटं होतं." दिलगिरी, अनवधान हे शब्द वापरायला बंदी होती.

कुणी ऐकून घेतलं, कुणी बसायला घोंगडी टाकली, कुणी म्हशीच्या मागून डोकंही वर काढलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी पत्रकार का?"

"नाही, विद्यार्थी. शिकतोय."

"मंग शिकून झाल्यावर लिवायचं ना."

जाकीट मी पहिल्याच दिवशी पिशवीत घातलं होतं. तिसऱ्या दिवशी चष्माही.

हळूहळू कॅन परत येऊ लागले, पण सगळे नाही. तीन घरांनी मंदाताईंचं केंद्र कायमचं सोडलं. आमचं जुनंच भांडण होतं, बातमी हे निमित्त झालं, असं मंदाताई नंतर म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच तसं होतं, ते मी आजवर शोधून काढलेलं नाही.

परतीच्या एसटीत मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुमचं कधी चुकलं होतं का हो?"

"चुकलं की." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "तो मानूस आता न्हाई. न्हाईतर तुला त्याच्याकडं बी नेलं असतं." मी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, पुढचा प्रश्न गिळला.

आम्ही पास झालो त्याच वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि तो विषय गेला. मॅडमचं येणंही थांबलं. मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून चिकटलो. ज्या दैनिकाला मॅडम बातम्या पाठवायच्या तेच हे. सुरुवातीला मी फोन करायचो. मग दिवाळीला करायचो. मग दिवाळीला संदेश पाठवायचो, तोही सगळ्यांना जाणारा.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, विमलताईंचा फोन आला. "ताई गेली. सकाळी पेपर वाचता वाचता बसल्या जागी."

वरिष्ठ म्हणाले, निधन वार्तेत चार ओळी टाका. मी लिहायला बसलो. 'ज्येष्ठ पत्रकार, विद्यार्थीप्रिय प्राध्यापिका' हे झरझर उतरलं. मग वय लिहायचं होतं. मला माहीत नव्हतं. मागे कोण कोण आहे, माहीत नव्हतं. माहेर, सासर, लग्न झालं होतं की नव्हतं, काही माहीत नव्हतं. दोन वर्षं ज्या बाईनं मला विचारायला शिकवलं, तिला मी तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. आडनावाआधीचं नावसुद्धा मला विमलताईंच्या फोनवरून कळलं होतं.

मी लिहिलं होतं तेवढं पुसलं आणि सकाळी अंत्यविधीला सोनईला गेलो. सगळं आटोपल्यावर विमलताईंजवळ बसून वही काढली. लाज वाटत होती, तरी एकेक विचारलं. वय त्रेसष्ट. लग्न केलं नव्हतं. बहीण आणि दोन भाचे. नाव मी तीनदा विचारून लिहून घेतलं, शेवटी मॅडमच्या आधार कार्डावरून ताडून पाहिलं.

"नाव छापनार तुमी?" विमलताईंनी विचारलं.

"हो. का?"

"न्हाई, इचारलं आपलं. पंचवीस वर्सं लिवलं तिनं. पर वर 'सोनई, वार्ताहर' यवडंच यायचं. मी म्हनायचे, तुजं नाव का टाकत न्हाईत गं? तर म्हनायची, बातमी काय माजी हाय का, गावाची हाय."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात सहाव्या पानावर, तळाला चार ओळी आल्या. 'शकुंतला रंगनाथ वाकचौरे.' नाव बरोबर छापलं होतं. दुपारी विमलताईंचा फोन आला. दुकानात होते तेवढे सगळे अंक त्यांनी विकत घेतले होते.