लाल ठिपक्याचा पेला

चहाचा कप पुढे केला की ते हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "माझं माझ्याजवळ आहे." मग शेजारच्या कापडी पिशवीतून स्टीलचा पेला काढायचे. काठापासून दोन बोटं खाली त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. त्यात मी किटलीतून वरून चहा ओतायचा. किटलीचं तोंड पेल्याला लागेल असं वाटलं की ते पेला चटकन खाली घ्यायचे, आणि चहा माझ्या साडीवर सांडायचा.

सिल्वासात आमचा एक गट आहे. कॅन्सर झालेली माणसं आणि त्यांच्या घरचे, असे पंधरावीस जण महिन्यातून दोन रविवारी दुपारी आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमतात. मी त्या शाळेत शिकवते. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे रत्नागिरीहून इकडे आले. इथेच माझ्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि बरी झाल्यावर हा गट माझ्या गळ्यात पडला. चहा मीच करते, कारण दुसऱ्याने केलेला मला आवडत नाही.

संशय घेणं हा माझा कॅन्सरच्याही आधीचा आजार. नवरा म्हणतो, "देवळाबाहेरच्या चपलांकडेसुद्धा तू अशी बघतेस, जशी काही त्यांनीच चोरी केलीय." तेव्हा हा माणूस पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांत सलला यात नवल नाही.

ते मूळचे धुळ्याकडचे, इथून जवळच्या गलोंड्याला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. जबड्याचं ऑपरेशन झाल्यामुळे एक गाल आत गेलेला, शब्द जाडसर यायचे. दाराजवळच्या बाकावर टोकाला बसायचे आणि शेजारी कोणी बसू नये म्हणून पिशवी ठेवायचे. पिशवी म्हटली की माझे कान टवकारतात. त्याआधी एक गोडबोल्या गृहस्थ आमच्यात येऊन बसायचा. तिसऱ्या रविवारी त्याने पिशवीतून काळ्या पुड्या काढल्या आणि सुरंगी गावाहून येणाऱ्या आजीला दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. मी त्याला फाटकापर्यंत पोहोचवून आले होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

म्हणून एकदा हे अंगणातल्या नळावर पेला धुवायला गेले तेव्हा मी सरळ त्यांची पिशवी उघडली. आत रिपोर्टांची फाइल, नॅपकिन, साबणाची वडी आणि एक चमचा. पुड्या नव्हत्या. खरं सांगते, मी जरा हिरमुसलेच.

माणूस तसा उपयोगी होता. नवीन कोणी शेकाला, म्हणजे रेडिएशनला, घाबरलेलं असलं की ते दाराजवळूनच मोठ्याने सांगायचे, "काही होत नाही हो. आपण झोपायचं, मशीन फिरू राहतं. आमच्या कंपनीच्या मशीनपेक्षा आवाज कमी." सुरंगीच्या आजीला त्यांनी असंच पाच हातांवरून समजावलं आणि ती मुंबईला जायला तयार झाली. ती आनंदाने त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तर हे दोन पावलं मागे सरकले.

ते पाहून माझं डोकं फिरलं. पुड्यांचा संशय गेला आणि दुसरा आला: या माणसाला आमचा विटाळ होतो. स्वतः रोगी असून आमचा कप नको, आमचा हात नको! माझ्या ऑपरेशननंतर समोरच्या बाईंनी आमच्याकडची वाटी घेणं बंद केलं होतं. आधी आठवड्याला दोनदा वाटी इकडून तिकडे जायची. नंतर माझी आमटीची वाटी त्यांच्या दारात तशीच झाकलेली राहिली, आणि संध्याकाळी मी ती घरी आणून मोरीत ओतली. तो राग कुठेतरी काढायचाच होता.

पुढच्या रविवारी मी भरलेला कप घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"माझं माझ्याजवळ..."

"ते दिसतंय. पण आमच्या कपाला काय झालंय? आम्ही काय इतके वाईट आहोत?" सगळे ऐकत होते. मी कप त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी हात मागे घेतला आणि कप फरशीवर फुटला.

ते उभे राहिले. "मॅडम, तुमचं काही नाही हो," ते म्हणाले. "माझं लागंल तुम्हाला. तोंडाचं आहे ना माझं. तुम्ही बऱ्या झालेल्या बाई. परत काही झालं तर मी कुठं फेडू?"

दवाखान्यातून आमच्याकडे येणाऱ्या सिस्टर उठल्या. हा आजार उष्ट्याने, हात लावल्याने, शेजारी बसल्याने पसरत नाही, हे त्यांनी नीट समजावलं. या गृहस्थांनी सगळं ऐकलं, "बराबर आहे सिस्टर," म्हणाले आणि खाली बसून चुकलेल्या मुलासारखे कपाचे तुकडे गोळा करू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाताना मी त्यांना फाटकाशी गाठलं. "घरीही वेगळंच आहे का सगळं?"

"ताट, पेला, गोधडी. झोपतो बाहेर पडवीत." मग म्हणाले, "लहाना चार वर्षांचा आहे. मांडीवर यायला बघतो. तो आला की मी उठून उभा राहतो."

"हे कोणी ठरवलं? बायकोनं?"

ते पिशवीचे बंद गुंडाळत राहिले. मी समजायचं ते समजले. बायकोला घेऊन या, असं मी तीनदा बजावलं, आणि तीनदा उत्तर आलं, "तिची ड्युटी असते." रविवारी कसली ड्युटी? माझी खात्री पटली. शेवटी मीच एक चिठ्ठी लिहून त्यांच्या फाइलमध्ये सरकवली. सिस्टरांनी सांगितलेलं सगळं त्यात लिहिलं आणि खाली लिहिलं की स्वतःच्या माणसाला असं वागवताना तुम्हाला लाज वाटायला हवी. शिक्षिकेचं अक्षर, वाचता आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

उत्तर आलं नाही. ते मात्र दोन रविवार आले. आजार परतला होता, चहा आता चमच्याने घ्यायचे. पेला तोच, दाराजवळची जागाही तीच. शेवटच्या वेळी मी त्यांच्या बाकावर, पिशवी उचलून, मुद्दाम शेजारी बसले. ते घाबरले, पण उठले नाहीत. "मॅडम, तुम्ही लय हट्टी," म्हणाले. त्यानंतर ते आले नाहीत, आणि महिन्याभराने ते गेल्याचं कळलं.

एका रविवारी मी गलोंड्याला त्यांच्या खोलीवर गेले. रिक्षात बसून त्या बाईला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. दारात एक बारीकशी बाई उभी होती. कारखान्याचा निळा कोट अजून तिच्या अंगावर होता, म्हणजे रविवारची ड्युटी खरी होती. "मॅडम ना? बसा," म्हणाली आणि पाणी आणून दिलं.

पेल्यावर लाल ठिपका होता.

माझा जुना आजार उसळला. मला, पेशंट बाईला, त्यांचाच पेला! आता तोंड उघडणार, तोच माझी नजर मागच्या मांडणीवर गेली. सहा पेले ओळीने होते. सहाच्या सहा पेल्यांवर लाल ठिपका होता.

"तुमची चिठ्ठी आहे माझ्याजवळ," ती म्हणाली. "लय बोलल्या तुम्ही मला. तो ठिपका त्यांनी स्वतः लावला होता. दवाखान्यातून आले अन् पोरीची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. मी किती भांडली त्यांच्याशी! तुमची चिठ्ठी रोज वाचून दाखवली. तर म्हणत, मॅडमचं खरं असंल, पण पोरांच्या बाबतीत मी नाही ऐकणार."

"मग?"

"मग मी एक दिवस सगळ्याच पेल्यांना ठिपके लावले. अन् दिले मिसळून. शोध शोध शोधला त्यांनी. दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत." ती पहिल्यांदाच हसली. "संध्याकाळी लहाना मांडीवर चढला, तर उठले नाहीत. मी विचारलं, पाणी कोणत्या पेल्यात देऊ? म्हणले, कोणत्याबी दे. पंधरा दिवस तसेच बसले आमच्यात, लहान्याला घेऊन."

मी माफी मागायला हवी होती. रडू यायला लागलं, म्हणून मी घटाघटा पाणी प्यायले आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. मांडणीवरचा हाताला लागेल तो दुसरा उचलून भरला आणि माझ्या हातात दिला.