युवराज परदेशी गेले

पेडण्याच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खायला बसलो की कोणीतरी विचारतंच, "काय रे, वर्षभर पोलंडात नाटक शिकलास म्हणे, काय काय शिकलास?" शिकलेलं मला धड सांगता येत नाही. किस्सा मात्र एक काढला की मागून चार येतात!

पहिला दिवस. मी वर्गाच्या स्टेजपाशी बूट काढले, खाली वाकून फळीला हात लावला आणि कपाळाला नेला. आमच्या इब्रामपुरात जत्रेच्या नाटकाला असंच करतात. शेजारची मार्ता लगेच गुडघ्यांवर बसली आणि फळीवर हात फिरवायला लागली. म्हणाली, "काय पडलं तुझं? मीही शोधते!"

*

मग परीक्षेचा प्रवेश. समोरचा गडी यायचा तो येईना. आमच्याकडे स्टेजवर शांतता पसरली की मागून शिट्ट्या सुरू होतात. लहानपणापासून अंगात मुरलेलं! मी पुढं झालो आणि दणदणीत भाषण ठोकलं. राज्य गेलं, राणी गेली, सगळं सांगितलं. इंग्रजी संपलं तेव्हा मराठीत!

शिकवणाऱ्या बाई टाळ्या वाजवत उठल्या. म्हणाल्या, "फारच सुंदर! पण तुझं पात्र मुकं आहे."

*

वर्गाचा पहिला जाहीर प्रयोग. सगळे घाबरलेले. म्हटलं, थांबा, गाऱ्हाणं घालूया. म्हणजे एकानं देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. बाबा आमच्या गावात घालतात तसंच घातलं. वर उदबत्तीही लावली. झालं! आगीचा भोंगा वाजला आणि प्रेक्षकांसकट सगळे बर्फात! बाई लालबुंद होऊन ओरडल्या, "हे कोणी केलं?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

*

आता हा किस्सा हसायचा नाही.

जत्रेच्या नाटकात बाबा राजा आणि मी युवराज, हे मी शाळेत असल्यापासूनचं. निघताना बाबा म्हणाले, "औंदाचां नाटक माझां शेवटचां रे झिला. गुडगे ऐकनत नाय." मी हसण्यावारी नेलं, कारण हे ते दर वर्षी म्हणायचे! जत्रा आली तेव्हा माझी परीक्षा. मी फोनवर म्हटलं, सोडून येतो. तर म्हणाले, "खुळो मां तू? वर्स पुरां कर."

नाटक झालं आणि आईचा फोन आला. युवराजाचं काम बाबांनी कुणालाच दिलं नव्हतं. दरबारात खुर्ची रिकामी. सेनापतीनं विचारलं, "महाराज, युवराज दिसत नाहीत?"

बाबा पदरचं बोलले, "युवराज विद्येसाठी परदेशी गेलेत. ते येईपर्यंत हे आसन रिकामंच राहील!"

आई म्हणाली, टाळ्या थांबेनात. मग पडदा पडल्यावर बाबांनी मुकुट उतरवला, देवळाच्या पेटीत ठेवला आणि सांगितलं, पुरे आता. ह्या खेपेला खरंच! मी जिन्यात बसून रडलो. जायला हवं होतं हो. परीक्षा काय, परत देता आली असती. बाबांबरोबरचं ते नाटक आता कुठून आणू?

*

वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी स्टेजच्या कडेला सगळ्यांचे बूट ओळीनं काढलेले. मार्ता म्हणाली, "आज गाऱ्हाणं तुझ्या बाबांनी घालायचं!" व्हिडिओ कॉल लावला. बाबा घरच्या लुंगीवरच, पण हात जोडून ताठ उभे राहिले.

"बा देवा, बारा गावच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग.

"ह्या पोरांनी परक्या मुलखात माझ्या झिलाक आपलो मानलो, त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबा फोनच्या जवळ आले. मग आवाज चढवून, अगदी जत्रेतल्यासारखा, म्हणाले, "माझो झील जत्रेक पावलो नाय म्हणान मनाक लावन घेता. त्याची काय एक चूक नाय, ह्यां तूच त्याका सांग रे म्हाराजा!"

एका अक्षराचाही अर्थ न कळलेली ती सगळी पोरं छाती फुटेस्तोवर ओरडली, "व्हय म्हाराजा!"

मी खाली वाकलो, फळीला हात लावला आणि कपाळाला नेला.